चोरीचा भुर्दंड कोणाच्या माथीं? एल्फिन्स्टनच्या अहवालांतील ग्रामरक्षणप्रकरणाचें परीक्षण

मराठी मुलखांतील गांवच्या रखवालीविषयीं लिहावयास बसलेला लेखक कोणत्याही मताचा असो, दोनचार पानांच्या आंत तो एका ठराविक उताऱ्यापाशीं येऊन पोंचतो. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यानें जिंकलेल्या मुलखाच्या स्थितीविषयीं जो अहवाल ऑक्टोबर १८१९ मध्यें वरिष्ठ सरकारास सादर केला व जो १८२१ मध्यें कलकत्त्यास छापून निघाला, त्यांतील पोलिसाच्या प्रकरणांत हा उतारा आहे. सुरेंद्रनाथ सेन ह्यांनीं १९२३ मध्यें मराठ्यांच्या राज्यकारभारावर ग्रंथ लिहिला, डॉ. अनंत सदाशिव आळतेकर ह्यांनीं १९२७ मध्यें पश्चिम हिंदुस्थानांतील ग्रामसंस्थांवर लिहिला. त्यांच्यामागून आलेल्यांची तर गणतीच नाहीं. ह्या विषयावरील वाङ्मयावर अहवालाची छाया पडावी हें साहजिक आहे. कारण इतक्या थोड्या जागेंत इतकें नेमकें वर्णन क्वचितच आढळतें. परंतु ज्या पानाची नक्कल पुष्कळ वेळां झाली, त्याची पारख त्या मानानें फार थोडी झाली आहे. ती येथें करावयाची आहे.

उताऱ्याचा आशय थोडक्यांत असा. गांवचा जागल्या रात्रीं पहारा करितो. कोण आला, कोण गेला, कोठें उतरला, ह्याची खबर ठेवितो. संशयित मनुष्य दिसल्यास पाटलास कळवितो. गांवांतील प्रत्येक इसमाची चालचर्या त्यास ठाऊक असली पाहिजे. चोरी झाली कीं तो चोराच्या पावलांचा माग काढीत निघतो. माग शेजारच्या गांवच्या हद्दींत गेला व त्या गांवच्या जागल्याची खात्री पटली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी सुटते आणि पुढचा शोध दुसऱ्यावर पडतो. ज्या गांवीं माग निश्चितपणें पोंचून खुंटला, त्या गांवानें गेलेल्या मालाची भरपाई करावयाची. ती करितांना प्रथम जागल्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें द्यावें, व उरलेली रक्कम सर्व गांवावर बसवावी. ही भरपाई घेणें उघड अन्यायाचें होतें, कारण चोरी थोपविणें किंवा नुकसान भरून देणें गांवाच्या हातीं असेलच असें नाहीं, असा अहवालकर्त्याचा अभिप्राय आहे. आणि पुरी भरपाई क्वचितच घेतली जाई, तथापि कांहींना कांहीं दंड बहुधा घेतला जाई, असेंही तो सांगतो. हयगय किंवा संगनमत आढळल्यास पाटलाचें अथवा जागल्याचें इनाम काढून जवळच्या नातलगास देत, बेड्या घालीत, मारही देत. शेवटीं तो म्हणतो कीं अशी जबाबदारी आवश्यकच होती. कारण जागल्या पुष्कळदां स्वतःच चोर असे, व पाटलासही चोरांना आश्रय देऊन वांटा मिळविण्याचा मोह पडे.

अहवालांतील इंग्रजी शब्दासाठीं ‘जागल्या’ हा शब्द आम्हीं सोयीसाठीं योजिला आहे. हें काम कोठें महाराकडे, कोठें कोळ्याकडे, कोठें भिल्लाकडे, तर पुणें-साताऱ्याच्या बाजूस पुष्कळ ठिकाणीं रामोश्याकडे असे. वेशीवरचा वेसकर व सरकारी कामाला धांवणारा तराळ ह्यांचीं नांवें आणखी निराळीं. गांवचा कायमचा राखणदार आणि चोऱ्या करणाऱ्या टोळींतूनच मुद्दाम ठेविलेला दुसरा राखणदार, हा भेद एल्फिन्स्टननें मात्र केला आहे. त्याच्यावर विसंबून लिहिणाऱ्यांनींच तो पुसून टाकला.

आतां ह्या उताऱ्याचा उपयोग कसा होतो पाहा. ज्यांना जुन्या गांवगाड्याचें वैभव सांगावयाचें असतें, ते त्याचा पूर्वार्ध उचलतात: दक्ष जागल्या, पावलांची पारख, गांवागांवांचें सहकार्य. १८३० मधील मेटकाफच्या टिपणानंतर हिंदी गांवाला लहानसें प्रजासत्ताक म्हणण्याची जी रीत पडली, तिला हा पूर्वार्ध फार सोईचा झाला. ज्यांना जुन्या राज्याची निंदा करावयाची असते, ते उत्तरार्ध उचलतात: चोर तोच पहारेकरी, आणि निरपराध गांवावर दंड. ह्या दोन टोकांच्या मध्यें जें एकच वाक्य खरोखर विचार करण्यासारखें आहे, त्याजकडे दोघांचेंही लक्ष जात नाहीं. भरपाई प्रथम जागल्यानें द्यावी, मग गांवानें, हें तें वाक्य. आमच्या मतें सर्व प्रकरणाची किल्ली ह्या क्रमांत आहे.

हा क्रम किती चमत्कारिक आहे हें धर्मशास्त्राशीं ताडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. गांवाची भरपाई ही कल्पना मराठ्यांनीं काढिलेली नव्हे, मुसलमानी अंमलांत आलेलीही नव्हे. आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत नगराभोंवतीं एक योजन व गांवाभोंवतीं एक क्रोश रक्षणाची मर्यादा घालून तिच्या आंत जें चोरीस जाईल तें रक्षणास नेमलेल्यांकडून देववावें असें सांगितलें आहे. मनूनें गांवावर घाला पडला असतां शक्ति असून धांवून न जाणाऱ्यांस चीजवस्तूंसह हद्दपार करावें असें म्हटलें आहे. म्हणजे रखवाली हें केवळ पगारी माणसाचें काम नसून धांवण्याचें कर्तव्य प्रत्येक रहिवाशाचें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील कंटकशोधनाच्या अधिकरणांत मुक्कामास उतरलेल्या व्यापाऱ्यांनीं आपल्या मालाची किंमत आधीं कळवून ठेवावी व रात्रीं गांवाबाहेर न गेलेली वस्तु नाहींशी झाल्यास ग्रामस्वामीनें भरून द्यावी, असा नियम आहे. किंमत आधीं कळविण्याची अट लक्षांत घेण्यासारखी आहे. भरपाई मागणाऱ्यानें मागाहून आंकडा फुगवूं नये, ही काळजी त्यांत दिसते. आणि असली काळजी प्रत्यक्ष व्यवहाराचे चटके बसल्यावांचून कोणी घेत नसतो.

सर्वांत व्यवस्थित मांडणी याज्ञवल्क्याच्या स्तेयप्रकरणांत व त्यावरील मिताक्षरेंत आहे. विज्ञानेश्वर चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटींत कल्याणी येथें लिहीत होता. म्हणजे हा टीकाकार आपल्या मुलखाला परका नव्हे. तो म्हणतो कीं गांवांत वध किंवा चोरी झाली तर दोष ग्रामपतीचाच, आणि त्या दोषाचें नांव चौरोपेक्षा, म्हणजे चोराकडे दुर्लक्ष. तो घालविण्यासाठीं ग्रामपतीनेंच चोर धरून राजाच्या स्वाधीन करावा. तें न साधल्यास धन्यास धन द्यावें. मात्र चोराचें ‘पद’ आपल्या गांवाबाहेर गेल्याचें त्यानें दाखविलें तर तो मोकळा, व तें पद ज्या हद्दींत शिरलें तेथील अधिपति बांधला गेला. कुरणांत चोरी झाली तर कुरणाचा अधिकारी, इतरत्र वाटेवर झाली तर चौरोद्धर्ता नांवाचा अधिकारी जबाबदार. गांवापासून क्रोशाच्या बाहेर कांहीं घडलें आणि माणसांच्या वर्दळीनें पद मोडून गेलें, तर आसपासच्या पांच किंवा दहा गांवांनीं मिळून, जवळिकीच्या मानानें द्यावें. आणि कोणाकडूनच देववितां न आलें तर? तर राजानें आपल्या कोशांतून द्यावें. ह्याला विज्ञानेश्वर गौतमाचा आधार देतो.

ह्यांतील ‘पद’ म्हणजेच आमचा ‘माग’. विद्यार्थी येथें हटकून चुकतात. कोणी ‘शब्द’ म्हणतो, कोणी ‘स्थान’ म्हणतो, एखादा हुशार मुलगा ‘अधिकार’ म्हणतो. मार्ग, मग्ग, माग अशी ह्या मराठी शब्दाची वाट आहे, व सीमेची शीव झाली ती अशीच. शब्द बदलले तरी व्यवहार तोच. शिवेपर्यंत माग दाखवून द्यावा व सुटावें, हा १८१९ सालचा रिवाज आणि बाराव्या शतकाच्या सुमाराची टीका ह्यांचा मेळ इतका तंतोतंत आहे कीं ह्यास योगायोग म्हणतां येत नाहीं. माग बुजण्याचीं कारणेंही तींच राहिलीं असलीं पाहिजेत. दंवानें ओलावलेल्या धुळींत उमटलेलें पाऊल सकाळीं गुरें रानांत सुटलीं कीं नाहींसें होतें. खडकाळ माळावर तें मुळींच उमटत नाहीं. ओढ्यांत उतरलेला चोर कोणत्या कांठाला वर चढला हें दोन्ही गांवांच्या जागल्यांना एकमतानें ठरवावें लागतें. एकमत होण्यांत दुसऱ्याचें नुकसान असल्यामुळें तेथेंच तंटा उभा राहतो. शिवेच्या वादांत महाराची साक्ष निर्णायक कां मानीत, ह्याचें एक उत्तर येथें मिळतें. शीव कोठें आहे हें ठरविणें म्हणजे चोरीचा पैसा कोणीं भरावा हें ठरविणें होतें.

येथवर दोहोंचें साम्य झालें. आतां फरक पाहूं, व तोच महत्त्वाचा. मिताक्षरेंतील जबाबदारी खालून वर चढते: ग्रामपति, कुरणाचा अधिकारी, चौरोद्धर्ता, मग गांवांचा समूह, आणि सर्वांच्या शेवटीं राजाचा कोश. जो रक्षणाच्या नांवानें कर किंवा भाग घेतो त्यानेंच द्यावें, हें त्यांतलें सूत्र. अहवालांतील जबाबदारी वरून खालीं उतरते. पाटलास शिक्षा आहे, नाहीं असें नाहीं. परंतु भरपाईच्या रकमेंत पहिला हात जागल्याच्या गांठीला, ज्याची गांठ म्हणजे घरोघरचें पसापायलीचें धान्य. मग गांवकऱ्यांना. आणि सरकारच्या कोशाचें काय? अहवालाप्रमाणें सरकार कांहीं देत नाहीं. उलट कांहींना कांहीं दंड बहुधा घेतें. एकाच रिवाजाच्या एका टोकाला राजा पैसे देणारा आहे व दुसऱ्या टोकाला घेणारा आहे. एल्फिन्स्टननें अन्याय पाहिला, पण तो भलत्या जागीं पाहिला. गांवावर भरपाई बसणें हें अन्यायाचें मूळ नव्हे. भरपाईची शिडी उलटी झाली, हें आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं शास्त्र म्हणजे काय व्हावें तें, आणि अहवाल म्हणजे काय होत असे तें. दोहोंची तुलना कशी करितां? आक्षेप रास्त आहे. विज्ञानेश्वराच्या काळीं ग्रामपति खरोखरच स्वतःच्या पेटींतून पैसे काढीत होते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांनींही तो भार कोणाच्या तरी पाठीवर ढकलला असेल. परंतु राजानें द्यावें हें बोलण्याची सोय ज्या समाजांत असते व ज्यांत ती उरलेली नसते, त्या दोहोंत अंतर असतेंच. शिवाय अहवालांत उमटलेलें चित्र कोणत्या वेळचें, हेंही पाहिलें पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मुलूख इजाऱ्यानें देण्याची चाल माजली होती. इजारदाराला गांवच्या चोरींत भरपाईपेक्षां दंडच दिसणार. जून १८१८ मध्यें बाजीराव शरण गेला आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आंत अहवाल लिहून झाला. तेव्हां त्यांत दिसणारी शिडी सर्व मराठेशाहीची, कीं तिच्या मोडकळीस आलेल्या शेवटच्या दिवसांची, हा प्रश्न उरतो. सेन किंवा आळतेकर ह्यांच्या मागून लिहिणाऱ्यांनीं तो विचारावयास हवा होता.

‘जागल्या स्वतःच चोर’ ह्या वाक्याविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे, कारण ह्या वाक्याचे परिणाम कागदावर राहिले नाहींत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, ही म्हण आमच्या लोकांना माहीत होती व त्यांनीं तिचा उपयोग करून घेतला होता. रामोश्याचा हक्क बांधून दिला म्हणजे त्याचें ज्ञान गांवाच्या उपयोगीं पडे. हक्क बंद झाला म्हणजे तेंच ज्ञान गांवाच्या विरुद्ध जाई. ह्यांत जातीच्या स्वभावाचा कांहीं संबंध नाहीं. हा निव्वळ करार होता. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश ह्यानें १८३३ मध्यें मुंबईस छापलेल्या आपल्या पुस्तकांत रामोश्यांची हकीकत व उमाजी नाइकाचें चरित्र एकत्र दिलें आहे. ज्या टोळीचा पाठलाग आपण केला तिच्याविषयीं इतक्या बारकाईनें लिहिणारा अधिकारी विरळा, व आम्ही त्या पुस्तकास मोठें साधन मानितों. परंतु वाचतांना असें दिसतें कीं १८१८ नंतर किल्ल्यांवरची वंशपरंपरेची नोकरी सुटलेल्या माणसांची कहाणी आणि एका जातीच्या अंगभूत खोडीची कहाणी ह्या दोन कहाण्या त्यांत एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. उमाजीला ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशी दिलें. पुढें १८७१ मध्यें जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरविण्याचा कायदा झाला, १९११ च्या कायद्यानें त्याचें क्षेत्र मुंबई इलाख्यापर्यंत वाढलें, आणि १९५२ मध्यें तो रद्द झाला. महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादींत रामोशी हें नांव आहे. शतकानुशतकें जो गांवाचा राखणदार, त्याचें नांव शेवटीं कोणत्या यादींत सांपडावें! अहवालांतील तें एक वाक्य आधाराशिवाय उतरून घेणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानीं ठेवावें.

मराठींत ह्या विषयावर अधिकारानें लिहिणारे पहिले ग्रंथकार म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे. त्यांचा ‘गांवगाडा’ १९१५ मध्यें निघाला व त्याची योग्यता अद्याप ओसरलेली नाहीं. गांवकामगार, बलुतीं, फिरस्ते ह्यांचें इतकें प्रत्यक्ष ज्ञान दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकांत आम्हांस आढळलें नाहीं. परंतु आत्र्यांची दृष्टि कुणब्याच्या खळ्यावरून पाहणारी आहे. राशीवर कोणकोण हात पसरतो हें ते मोजतात. पसरणाऱ्याच्या पदरीं किती पडतें व त्याबद्दल तो रात्रींतून किती वेळां उठतो, हें त्याच कांट्यानें मोजीत नाहींत. ह्या बाबतींत अहवालकर्ता अधिक चाणाक्ष होता. जागल्याचा मोबदला प्रत्येक घरून थोडाथोडा मिळत असल्यामुळें तो नेहमीं फिरता असतो व म्हणून त्याला प्रत्येक घराची माहिती असते, हें एल्फिन्स्टननें टिपलें आहे. मोबदल्याची रीत हीच पाळतीची रीत! वर्णन म्हणून हें फार मार्मिक आहे. त्याच फिरण्याची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ मध्यें मुंबई कायदेमंडळांत महार वतनाच्या दुरुस्तीचें विधेयक मांडतांना दाखविली. काम सरकारचें, वेळेला मर्यादा नाहीं, आणि मोबदला मात्र रयतेच्या मर्जीवर. तेव्हां ज्याच्या दारीं धान्य मागावयाचें त्याच्यावरच पाळत ठेवावी, अशी ही अवस्था. रखवालीच्या जुन्या पद्धतीचें आंतून केलेलें इतकें मर्मभेदी परीक्षण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं, आणि संशोधकांनीं तें केवळ राजकीय भाषण समजून बाजूस ठेवूं नये. १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ वतनें नाहींशीं झालीं. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानें पोलीस पाटील हा नेमणुकीचा अधिकारी झाला.

परक्या माणसाची नोंद ही ह्या प्रकरणांतील आणखी एक बाब आहे. जुन्या पद्धतींत गांवांत शिरणारा फिरस्ता वेशींतून येई, वेसकराच्या नजरेस पडे व चावडीवर त्याची विचारपूस होई. ह्यांत जाच होता, परंतु एक उपकारही होता: विचारपूस झालेला माणूस त्या रात्रीपुरता गांवाच्या जबाबदारीवर असे. वर सांगितलेला व्यापाऱ्यांविषयींचा कौटिल्याचा नियम हेंच सांगतो. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना, मुलें पळविणारे आल्याच्या अफवेवरून, जमावानें ठार केलें. आणि तें ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत कोंडून. गांवाच्या रक्षणासाठीं आपण हें करीत आहों अशीच त्या जमावाची समजूत होती. विचारपुशीची जागा जी चावडी, तिच्याच आजच्या वारसाच्या चार भिंतींत हें घडलें. मनूच्या धांवून जाण्याच्या नियमांतही अशा धांवण्याची कल्पना नाहीं. त्यांत घाला पडलेला दिसला पाहिजे, नुसता ऐकला म्हणून भागत नाहीं. रात्रीच्या गस्तीसाठीं आज गांवोगांवीं सुरक्षा दलें उभीं राहतात. त्यांच्या चालकांनीं जुन्या पद्धतींतून एकच गोष्ट उचलावयाची झाली तर ती पाठलागाची नसून विचारपुशीची व तिच्याबरोबर येणाऱ्या जामिनकीची असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. एल्फिन्स्टनच्या पानाचा खरेंखोटेपणा शेवटीं कागदांनींच ठरावयाचा आहे, आणि ते कागद सनदांचे नव्हेत. सनदा व फर्मानें जपण्याची आस्था आपल्यांत आहे. शिक्क्याचा कागद कोणी फेंकून देत नाहीं. परंतु कुळकर्ण्यांच्या दप्तरांतील गांवखर्चाचे तुटके बंद, रामोशी नाइकांचे जामीनकतबे, शेजारच्या गांवच्या पाटलास माग पोंचविल्याबद्दल लिहिलेल्या चिठ्ठ्या, हे पुष्कळदां पुडक्यांतून निराळे काढून ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात किंवा वाळवीच्या स्वाधीन होतात. चोरीची रक्कम गांवखर्चांत पडली, कीं पाटलाच्या नांवें पडली, कीं जागल्याच्या बलुत्यांतून वळती झाली, हें अशा एका बंदावरून कळतें. आणि सरकारांतून कधीं कोणाला कांहीं परत मिळालें कीं नाहीं, हेंही तेथेंच कळावयाचें. ज्यांच्या संग्रहीं इजाऱ्याच्या आधींचे, विशेषतः थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींतील असे गांवखर्चाचे कागद असतील, त्यांनीं निदान त्यांतील चोरीविषयींच्या बाबींची नक्कल, मोडी वाचनांत शंका असेल तेथें शंकेची खूण करून, ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी. ‘माग’ व ‘माल’ हे शब्द घाईच्या मोडींत सहज एकमेकांसारखे दिसतात. नक्कल करणाऱ्यानें तेवढें जपावें.